न थांबणारी दहा बेचाळीस

मुरलीधररावांनी छत्रीच्या टोकाने फलाटावरची पिवळी रेघ चाचपली आणि तिच्यामागे मोजून दोन पावलं सरकून ते उभे राहिले. मफलर नीट केला, कोटाची वरची गुंडी लावली आणि घड्याळात पाहिलं. दहा वाजून अठरा मिनिटं. गाडीला अजून चोवीस मिनिटं होती. न थांबणाऱ्या गाडीसाठी चोवीस मिनिटं आधी येऊन सावधान उभा राहणारा माणूस थॅचबरी स्टेशनाने पूर्वी कधी पाहिला नसावा. पण थॅचबरीने तसं पाहिलंच होतं काय? दोन फलाट, मध्ये पादचारी पूल, तिकिटांचं एक यंत्र आणि काचेच्या आडोशाला एक बाक, एवढाच त्याचा संसार. तासाला एखादी गाडी थांबायची, बाकीच्या वाऱ्याचा झोत सोडून निघून जायच्या.

"बाबा, बसा ना जरा. गुडघा धरेल," वैजयंती बाकावरून म्हणाली.

"गाडीच्या वेळेला बसायचं नसतं."

"अजून अर्धा तास आहे."

"चोवीस मिनिटं."

वैजयंतीने सुस्कारा सोडला आणि फोनमध्ये डोकं घातलं. खरं तर ती फलाटावर येणारच नव्हती. दर मंगळवारी आणि गुरुवारी तिच्या वडिलांना रीडिंगहून इथे आणायचं काम उदयचं, तिच्या नवऱ्याचं. दोघंही मोठ्या उत्साहाने निघायचे आणि दुपारी गार पडलेल्या नाकांनी परत यायचे. आज उदयला लंडनच्या ऑफिसात जावं लागलं. रविवारी बाबांचं परतीचं विमान होतं, व्हिसाचे सहा महिने संपत आले होते, आणि शेवटच्या गुरुवारी म्हाताऱ्या माणसाला गाड्या बघायला नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने अर्धी रजा टाकली. पुस्तक घेऊन कारमध्ये बसायचा बेत होता. पण बाबा पुलाच्या पायऱ्या एकेक करून चढायला लागले, आणि पुस्तक सीटवरच राहिलं.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "रीडिंगला दर दोन मिनिटांनी गाडी जाते. ते सोडून या आडगावात काय ठेवलंय?"

मुरलीधररावांनी छत्री पश्चिमेकडे रोखली. फलाट संपून थोडं पुढे दगडी पूल होता, आणि रुळांवरून आलेली विजेची तार त्या पुलाच्या अलीकडे एका जाड खांबाला बांधून टाकलेली होती. पुढे नुसतं आभाळ.

"तिथे तार संपते. इथपर्यंत गाडी विजेवर येते, इथून पुढे डिझेलवर. इंजिनं डब्यांच्या पोटाखालीच बसवलेली. आमच्याकडे इंजिन बदलायचं म्हणजे वीस मिनिटं मोडायची. जुनं काढा, नवं लावा, दोन माणसं रुळात उतरणार, त्यांची भांडणं होणार. इथे शंभर मैलांच्या वेगात बदलते. आतल्या माणसाचा चहासुद्धा हिंदकळत नाही."

"आणि ते बघायला तुम्ही आठवड्यातून दोनदा येता."

"बघण्यासारखंच आहे ते," मुरलीधरराव म्हणाले आणि पुन्हा पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. ते खोटं बोलत नव्हते. अर्धं खरं बोलत होते, आणि अर्धं खरं बोलताना त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. थंडीमुळे ते आज खपून गेलं.

वैजयंतीचा रेल्वेवर राग होता आणि तो जुना होता. मुरलीधररावांनी वऱ्हाडातल्या लहान लहान स्टेशनांवर सव्वीस वर्षं स्टेशन मास्तरकी केली. दिवाळीच्या पहाटे ते ड्यूटीवर, तिच्या दहावीच्या निकालाला ड्यूटीवर, आजी गेली तेव्हाही रिलीव्हर आला नाही म्हणून दुपारपर्यंत ड्यूटीवर. तीन वर्षं झाली की बदली, नवी शाळा, पुन्हा शेवटचा बाक. रेल्वे क्वार्टरच्या त्या पिवळ्या भिंतींतून बाहेर पडताना तिने कानाला खडा लावला होता, की यापुढे रेल्वेच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. मग पुण्यात नोकरी केली, लग्न केलं, रीडिंगला आली, सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर झाली. आणि तिच्या एकुलत्या एका मुलीने, अन्वीने, नॉटिंगहॅमला मेडिसिनचं तिसरं वर्ष अर्ध्यावर सोडलं आणि ती ट्रेन ड्रायव्हर व्हायला गेली.

"ज्या घरातून बाहेर पडायला मला वीस वर्षं लागली, त्याच घरात तू पाठच्या दाराने शिरतेस," वैजयंती तेव्हा म्हणाली होती.

"आई, मला हा काम आवडतो," अन्वी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली होती. "तुला आवडायला पाहिजे असा नाही."

त्याला आता दोन वर्षं झाली. वाढदिवसाला एक मेसेज, दिवाळीला एक मेसेज, तेही जेमतेम एका ओळीचे. उदय मुलीशी बोलायचा, पण बागेत जाऊन. वैजयंती विचारायची नाही. आई आणि मुलगी दोघी एकाच मुशीतल्या, आधी कोण बोलतं ते बघत बसलेल्या. आणि या सगळ्यात वैजयंतीला मुलीची आठवण यायची. रोज यायची, भाजी चिरताना यायची, मीटिंगमध्ये यायची. ते ती कुणाला सांगत नव्हती, एवढंच.

पुलाच्या पायऱ्या उतरून एक उंच, खांद्यात वाकलेला इंग्रज आला. काखेत थर्मास, गळ्यात कॅमेरा.

"मॉर्निंग, मुर्ली."

"मॉर्निंग, ब्रायन. व्हेरी कोल्ड."

वैजयंतीने मान वर केली. आपल्या वडिलांना कुणी मुर्ली म्हणतं आणि ते ओ देतात, हे तिला नवीन होतं. ब्रायन या गावचा निवृत्त पोस्टमन. गाड्यांचे नंबर टिपून ठेवायचा त्याला चाळीस वर्षांचा नाद. त्याने फोनवर काहीतरी पाहिलं आणि अंगठा वर केला.

"रीडिंग सोडलं, अगदी वेळेवर," तो म्हणाला. "तुमची नात आज फॉर्मात आहे."

मुरलीधरराव फार लक्षपूर्वक रुळांकडे बघायला लागले. ब्रायनने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या बाईकडे पाहिलं.

"माझी मुलगी," मुरलीधरराव शेवटी म्हणाले.

"म्हणजे ड्रायव्हरची आई." ब्रायनने मनापासून हात पुढे केला. "चार महिने ऐकतोय तुमच्याबद्दल. केवढा अभिमान वाटत असेल तुम्हाला."

वैजयंतीने हात मिळवला. थँक यू म्हणायचं असतं म्हणून म्हणाली. चाळीस वर्षं दारोदार पत्रं टाकलेल्या माणसाला बंद दार ओळखता येतं. फोटोसाठी तिकडून उजेड चांगला मिळतो असं पुटपुटत ब्रायन फलाटाच्या दुसऱ्या टोकाला चालू लागला.

"दहा बेचाळीस अन्वी चालवते?" वैजयंतीने विचारलं.

"मंगळवारी आणि गुरुवारी. एक्झिटरपर्यंत."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून. ट्रेनिंग संपलं ना तिचं, आता एकटी चालवते."

"उदयला माहीत आहे."

"तोच तर आणतो मला."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहीत. त्या पोस्टमनलासुद्धा."

"तुला सांगितलं असतं तर तू इथे आणलं असतंस मला?"

नसतं आणलं. ते खरंच होतं, आणि खरं असल्यामुळे ती जास्त चिडली. तिने पर्स उचलली.

"मी कारमध्ये बसते. तुमचं झालं की या."

मुरलीधररावांनी तिला अडवलं नाही. वळून पाहिलंही नाही. ती पुलापर्यंत गेली, सहा-सात पायऱ्या चढली आणि थांबली. वरून तिला त्यांची पाठ दिसत होती. उदयचा कोट त्यांना खांद्यांवर मोठा होत होता. पण उभं राहणं तेच, टाचा जुळवून, मान सरळ. लहानपणी क्वार्टरच्या दारातून ती हीच पाठ बघायची. न थांबणारी थ्रू गाडी धडधडत निघालेली, हिरवा झेंडा हातात, आणि ती हाका मारतेय, बाबा, बाबा. ते कधी म्हणजे कधी वळले नाहीत. सात वर्षांच्या मुलीने त्यावरून काय ते ठरवून टाकलं होतं, आणि पुढे पंचेचाळीस वर्षं त्यात दुरुस्ती केली नव्हती.

ती खाली उतरली आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"मी हाका मारायचे तुम्हाला," ती म्हणाली. "क्वार्टरच्या दारातून. गाडी जात असताना."

"हं."

"तुम्हाला ऐकू यायचं नाही का?"

"यायचं की. आवाज काय कमी होता तुझा?"

"मग वळायचा का नाहीत?"

हे आपल्याला कुणीतरी विचारील असं मुरलीधररावांना कधी वाटलंच नव्हतं.

"गाडी जाते तेव्हा मास्तरने गाडीकडे बघायचं असतं, वैजू. खाली काही लोंबतंय का, एखादं चाक तापून धूर येतोय का, दार उघडं राहिलंय का. शेवटचा डबा शेवटचाच आहे ना, मागचे वाटेत सुटले तर नाहीत ना. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, आतल्या माणसांना खालचं दिसत नाही. बघणारा मी एकटा. हजार-बाराशे माणसं असायची त्या गाडीत. मी तुझ्याकडे बघितलं आणि नेमकं तेव्हाच काही निसटलं तर?"

"मला वाटायचं, तुम्हाला गाड्याच जास्त आवडतात."

"गाडी गेली की बघायचो मी वळून. तोवर तू आत निघून गेलेली असायचीस."

रागाची एकदा सवय झाली, की इतक्या वर्षांनी त्याचं काय करायचं ते कळत नाही. वैजयंतीने बाबांच्या कोटाची कॉलर उगाचच सारखी केली.

फलाटावरच्या स्पीकरने घोषणा केली, की पुढची गाडी इथे थांबणार नाही, सर्वांनी पिवळ्या रेघेच्या मागे राहावं. मुरलीधरराव अधिकच ताठ झाले. पूर्वेला रूळ मैलभर सरळ होते. त्यांच्या टोकाशी दोन दिवे दिसले, अगदी जवळजवळ, जागचे न हलणारे. मग रूळ बारीक आवाजात गुणगुणायला लागले.

वैजयंतीने त्या दिव्यांकडे पाहिलं. त्यांच्या मागे, काचेच्या आत, तिची मुलगी बसलेली होती. दोन वर्षांत तिने तिला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पुढचं तिने ठरवून केलं नाही. पर्स खाली पडली आणि तिचे दोन्ही हात आपोआप उचलले गेले, खांद्यांच्या वर, डोक्याच्या दिशेने.

हात पुरते वर जायच्या आतच मुरलीधररावांनी तिची दोन्ही मनगटं धरून खाली ओढली. शहात्तर वर्षांच्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं.

"दोन्ही हात वर नाही करायचे. गाडी थांबवायची खूण आहे ती. आपल्याकडे तशी, इथेही तशीच. ब्रायनला विचारून घेतलंय मी पहिल्याच दिवशी. दिसले तर ती ब्रेक मारेल."

स्टेशन मास्तरच्या मुलीला हे सांगायला लागू नये. पाच वर्षांची असताना तिला हे पाठ होतं. पन्नासाव्या वर्षानंतर विसरली, आणि विसरली तीसुद्धा आज.

दिवे आता मोठे झाले होते. त्यांच्यामधलं गर्द हिरवं नाक दिसायला लागलं.

"थांबवायचंय का तुला तिला?" मुरलीधररावांनी विचारलं. ते मुलीकडे बघत नव्हते. गाडीकडे बघत होते.

वैजयंतीने मान हलवली. पण ती त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन ती मोठ्याने म्हणाली, "नाही."

गाडी आली. आधी वारा, मग आवाज, मग लांबच लांब हिरवी भिंत. ड्रायव्हरच्या काचेत आभाळाचा तुकडा चमकला आणि आत मान खाली घातलेलं कुणीतरी आहे असं क्षणभर वाटलं. छपरावरचा लोखंडी हात तारेला टेकलेला होता. तो बघता बघता तारेपासून सुटला आणि कोपरात मुडपून छपरावर निजला. त्याच दमात डब्यांच्या पोटाखालून एक जाड घरघर उठली, आणि फलाट पायाखाली थरथरला. नऊ डबे, सहा-सात सेकंद. एकही हिसका नाही. तारेचा खांब आणि दगडी पूल मागे टाकून गाडी वळणाला लागली.

वैजयंतीने बोलायला तोंड उघडलं. मुरलीधररावांनी तिचा हात दाबला. थांब. शेवटच्या डब्यावरचे तांबडे दिवे वळणाआड जाईपर्यंत ते पापणी न हलवता बघत राहिले. मग त्यांनी श्वास सोडला आणि तिच्याकडे वळले.

"आता बोल," ते म्हणाले.

पण आता तिला रडू येत होतं. त्यांनी वाकून तिची पर्स उचलली, वरची धूळ झटकली आणि तिच्या खांद्याला अडकवली. तिची मनगटं अजून लाल होती.

ब्रायनने लांबूनच टोपी हलवली आणि तो घरी गेला. वैजयंतीने डोळे पुसून म्हटलं, "चला, निघू या. गारठून जाल."

"अजून पोचली कुठे गाडी?"

"म्हणजे?"

"पुढच्या स्टेशनहून गाडी पोचल्याचं कळेपर्यंत मास्तरला हलता येत नाही. अन्वी एक्झिटरला उतरली की फोन करते. तेवढा ठरावच आहे आमचा."

"ती पोचायला तासभर लागेल बाबा. कारमध्ये बसून घेता येईल फोन."

"येईल. पण इथे बसतात."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. उदय आणि ते इतका वेळ इथे काय करतात याचा तिला आज उलगडा झाला. दोघं बाकावर बसले. ब्रायन मघाशीच बाकापाशी थर्मास ठेवून गेला होता, जाणूनबुजून की विसरून कोण जाणे. त्याच्या झाकणात त्यांनी आळीपाळीने चहा घेतला. चहा फार वाईट होता. एक थांबणारी गाडी आली, दोन बायका आणि एक सायकल उतरवून निघून गेली. मुरलीधररावांनी तीही शेवटच्या दिव्यापर्यंत पाहिली, मात्र बसूनच.

बाराला सहा मिनिटं असताना फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे तो स्पीकरवरच असायचा.

"आजोबा, पोचली. एक मिनिट लेट."

"थॅचबरीला राइट टाइम होतीस."

"टॉन्टनला एक बाळाची प्रॅम होती, चढायला वेळ लागला." मग आवाज थोडा उतरला. "आजोबा, सॉरी हं. लास्ट गुरुवार होता ना, मी ठरवला होता की आज तुम्हाला बघायचाच. पण डिझेलचा चेंजओव्हर बरोबर तिथे येतो. छपरावरचा पॅन्टो खाली आला का, सगळे इंजिन सुरू झाले का, ते स्क्रीनवर बघायला लागतं. मग वर बघितला तर स्टेशन गेला होता. चार महिन्यांत एकदा पण तुम्ही मला दिसला नाहीत. आणि तुम्ही एवढ्या थंडीत उभे राहता."

वैजयंतीने वडिलांकडे पाहिलं. ते हसत होते.

"दिसायला नकोच मी. तू बरोबर केलंस. मी दिसलो असं एकदा जरी म्हणाली असतीस ना, तर पुढच्या वेळी मी आलो नसतो."

"मग तुम्ही येता कशाला?"

"गाडी धड गेली ना, ते बघायला. तुला मागचं दिसत नाही."

मुरलीधररावांनी फोन मुलीच्या हातात दिला, जणू बराच वेळ धरून त्यांचा हात दुखत होता.

तिच्याजवळ दोन वर्षांची वाक्यं साठलेली होती. काही कडक होती, काही माफी मागणारी, बरीचशी रात्री अंथरुणात घोटून ठेवलेली. आता त्यातलं एकही हाताला लागेना.

"अन्वी," ती म्हणाली.

पलीकडून अगदी लहान आवाज आला.

"आई?"

"हो. मी होते आज आजोबांबरोबर."

"तू स्टेशनवर होतीस?"

"प्लॅटफॉर्मवर. त्यांच्या शेजारी."

"ओह. मला दिसली नाहीस तू."

"नाही दिसणार. तुझं काम होतं तिथे." एवढं म्हणून तिने घाईने पुढचं विचारलं. "ड्यूटीवर खातेस काय तू?"

"काय?"

"खाण्याचं काय करतेस? घरून नेतेस का काही?"

"सँडविच. शॉपमधला. चीजचा."

"किती वेळ असतो तुला?"

"आता चाळीस मिनिट आहेत. मग परतची गाडी."

"मग खाऊन घे आधी."

"नको. तू फोन ठेवशील."

वैजयंतीने पाय वर घेतले आणि त्या थंडगार बाकावर मांडी घालून बसली.

"नाही ठेवत," ती म्हणाली. "तू खा. खाता खाता बोल. मी बसलेय इथे."

पलीकडून प्लास्टिकचं वेष्टण फाडल्याचा आवाज आला.